विश्लेषण : मोबाईलच्या रेडिएशनने मेंदूवर काय परिणाम होतो? महाड-पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांत हा प्रश्न वेगळा का आहे?

'बॅटरीची शेवटची कांडी उरली असेल तर फोन कानाला लावू नका, त्या वेळी रेडिएशन हजार पटीने वाढतं.' हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर कित्येक वर्षं फिरतो आहे. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद ठेवा, कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार आहेत' हा त्याचा जोडीदारही अधूनमधून येतोच. दोन्ही मेसेज खोटे आहेत. पण पहिल्या मेसेजची गंमत अशी, की त्यात कांडी चुकली आहे. बॅटरी किती उरली आहे याचा रेडिएशनशी संबंध नाही. रेंजच्या किती कांड्या दिसतात, याचा मात्र थेट संबंध आहे.

रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या इथल्या अनेक वाड्यांवर आजही फोन करायचा तर घराबाहेर, अंगणाच्या टोकाला किंवा जवळच्या टेकाडावर जावं लागतं. गावात टॉवर येणार म्हटलं की एकीकडे आनंद होतो आणि दुसरीकडे 'टॉवरने कॅन्सर होतो' ही भीतीही उभी राहते. टॉवर हवा की नको, यावर मत बनवण्याआधी रेडिएशन म्हणजे नेमकं काय, ते मेंदूत जाऊन काय करतं आणि त्यातलं किती सिद्ध झालं आहे, हे पाहायला हवं.

रेडिएशन म्हणजे नेमकं काय?

मराठीत गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. 'किरणोत्सर्ग' म्हटलं की चेर्नोबिल किंवा अणुभट्टी डोळ्यांसमोर येते. इंग्रजीत मात्र 'रेडिएशन' हा एकच शब्द एक्स-रे, ऊन, रेडिओ आणि मोबाईल या सगळ्यांसाठी वापरतात. या सगळ्या विद्युतचुंबकीय लहरीच आहेत. त्यांच्या ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक्स-रे आणि गॅमा किरणांमध्ये अणूमधले इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याइतकी ऊर्जा असते. त्यामुळे पेशीतल्या डीएनएला थेट इजा होऊ शकते. अशा किरणांना आयनीकारक म्हणतात. मोबाईलच्या लहरी मात्र रेडिओ आणि टीव्हीच्या लहरींच्या कुळातल्या. भारतात मोबाईल सेवा साधारण ७०० मेगाहर्ट्झपासून साडेतीन गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींवर चालते. या लहरींच्या एका कणाची ऊर्जा डीएनएचा बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या तुलनेत लाखो पटींनी कमी असते. म्हणून एक्स-रेसारखी थेट इजा त्या करू शकत नाहीत. त्या वेगळ्या, अप्रत्यक्ष मार्गाने काही करतात का, हा वैज्ञानिकांपुढचा खरा प्रश्न आहे.

मेंदूत नेमकं काय घडतं?

खात्रीने माहीत असलेला परिणाम एकच आहे, तो म्हणजे उष्णता. फोन कानाला लावल्यावर त्याच्या अँटेनातून निघणाऱ्या लहरींचा काही भाग डोक्याच्या त्या बाजूला शोषला जातो आणि त्याची उष्णता बनते. पण ही वाढ फार तर अंशाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ०.१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उन्हातून चालत आल्यावर किंवा थोडी कणकण असताना शरीराचं तापमान यापेक्षा कितीतरी जास्त बदलतं. मेंदूतून सतत वाहणारं रक्त ही उष्णता वाहून नेतं. बराच वेळ बोलल्यावर कान तापतो, पण त्याला मुख्यतः तापलेली बॅटरी आणि कानाला चिकटून राहिलेला फोन कारणीभूत असतो.

उष्णतेपलीकडे काही होतं का, यावर एक प्रयोग खूप गाजला. अमेरिकेत नोरा वोल्को यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने ४७ जणांच्या कानांना ५० मिनिटं फोन लावून मेंदूचं स्कॅनिंग केलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फोन चालू असताना अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे मेंदूला या लहरींची दखल घ्यावी लागते, असं म्हणता येतं. पण विचार करताना, गाणं ऐकताना, बोलतानाही मेंदूच्या निरनिराळ्या भागांत ग्लुकोजचा वापर वाढत असतो. ही वाढ हानिकारक आहे असा निष्कर्ष त्या संशोधकांनीही काढला नव्हता. मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद घेणाऱ्या काही प्रयोगांतही किरकोळ बदल दिसले, पण त्यामुळे स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती बिघडते असं दिसलेलं नाही.

मग 'कॅन्सर होऊ शकतो' असं जागतिक आरोग्य संघटनेने का म्हटलं?

टॉवरविरोधी मेसेजमध्ये हा मुद्दा हमखास असतो आणि तो निराधार नाही. ३१ मे २०११ रोजी या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाईलच्या लहरींना '२ ब' गटात टाकलं. या गटाचा अर्थ 'कदाचित कर्करोगकारक'. पुरावा मर्यादित आहे, पण शक्यता नाकारता येत नाही, अशा गोष्टी या गटात जातात. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. तंबाखू, दारू, एक्स-रे हे पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत मोडतात. हे गट पुराव्याची खात्री किती आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत.

या निर्णयामागे मुख्यतः 'इंटरफोन' नावाचा १३ देशांतला अभ्यास होता. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. एकूण वापरकर्त्यांमध्ये मेंदूच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. पण सर्वाधिक वापर असलेल्या दहा टक्के लोकांमध्ये, म्हणजे आयुष्यात १,६४० तासांहून जास्त फोनवर बोललेल्यांमध्ये, ग्लायोमा या गाठीचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसला. दहा वर्षं रोज साधारण अर्धा तास, एवढा तो वापर. मात्र हा हिशेब लोकांच्या आठवणीवर अवलंबून होता. गाठ झालेला माणूस 'मी फोनवर फार बोलायचो' असं सांगण्याची शक्यता जास्त असते, हे संशोधकांनीही मान्य केलं.

त्यानंतरचे मोठे अभ्यास वेगळं चित्र दाखवतात. डेन्मार्कमध्ये साडेतीन लाखांहून अधिक मोबाईलधारकांची नोंद तपासली गेली. तिथे मेंदूच्या गाठी वाढल्या नव्हत्या. ब्रिटनमधल्या सुमारे पावणेआठ लाख महिलांच्या अभ्यासात २०२२ मध्ये हाच निष्कर्ष आला. जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला मोठा आढावा सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २२ देशांतल्या ६३ अभ्यासांची छाननी करून त्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, असं सांगितलं आहे. दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांमध्येही नाही. शिवाय गेल्या तीस वर्षांत मोबाईल शून्यातून घराघरांत पोहोचला. तो मोठं कारण असता तर चांगल्या नोंदी ठेवणाऱ्या देशांत मेंदूच्या कर्करोगाचा आलेख तसाच चढला असता. तसं झालेलं नाही.

दुसरी बाजूही लपवू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ मध्ये उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष दिले. त्यात नर घुशींच्या हृदयातल्या एका दुर्मीळ गाठीसाठी स्पष्ट, तर मेंदूतल्या ग्लायोमासाठी काही प्रमाणात पुरावा मिळाला. पण या प्राण्यांच्या संपूर्ण शरीरावर रोज नऊ तास, जवळपास दोन वर्षं लहरींचा मारा केला होता आणि त्यांची तीव्रता माणसांसाठीच्या मर्यादेहून खूप जास्त होती. विशेष म्हणजे, लहरींत ठेवलेल्या नर घुशी न ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगल्या. म्हणून हा प्रयोग विज्ञानाने बाजूला टाकलेला नाही आणि माणसाला तसाच लावलेलाही नाही.

लहान मुलांचं काय?

मुलांची कवटी पातळ असते आणि त्यांच्या मेंदूचा काही भाग फोनच्या जास्त जवळ येतो. म्हणून पालकांची काळजी रास्त आहे. १० ते २४ वर्षं वयोगटावर १४ देशांत 'मोबी-किड्स' हा अभ्यास झाला. त्यात भारतही होता. मोबाईलमुळे या वयात मेंदूच्या गाठी वाढतात, असं त्यात दिसलं नाही. तरीही आजची मुलं आयुष्यात आधीच्या कोणत्याही पिढीपेक्षा जास्त वर्षं फोन वापरणार आहेत. त्यांनी फोन कानाला लावून तासन्‌तास बोलू नये, हा सल्ला बहुतेक देशांत दिला जातो.

रेंज कमी असली की रेडिएशन का वाढतं?

महाड-पोलादपूरचा संबंध इथे येतो. फोन हा एकाच वेळी रेडिओ केंद्रही असतो आणि रेडिओ संचही. टॉवरचं बोलणं तो ऐकतो आणि आपलं बोलणं टॉवरपर्यंत पोहोचवतो. टॉवर जवळ असेल तर कुजबुजून भागतं. टॉवर डोंगरापलीकडे असेल तर ओरडावं लागतं. लागेल तेवढीच ताकद वापरायची, अशी व्यवस्था फोनमध्येच असते. जवळच्या टॉवरशी बोलताना फोन आपल्या पूर्ण ताकदीच्या अगदी नगण्य भागावर काम करतो. रेंजची एकच कांडी असेल तर तो ताकद कमाल मर्यादेपर्यंत नेतो. ४जी फोनसाठी ही मर्यादा साधारण ०.२ वॅट आहे. जुन्या २जी फोनमध्ये ती क्षणिक दोन वॅटपर्यंत जायची.

याचा पुरावा खिशातच आहे. घाटात किंवा दरीतल्या गावात गेल्यावर फोनची बॅटरी भराभर उतरते, ती याच ओरडण्यामुळे. स्वीडनमध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शहरातल्या आणि खेड्यातल्या फोनची तुलना केली होती. खेड्यात फोन जवळपास निम्मा वेळ कमाल ताकदीवर चालत होते, शहरात सुमारे पाव वेळ. सर्वांत कमी ताकदीवर फोन चालण्याचा काळ शहरात २२ टक्के होता, तर खेड्यात जेमतेम तीन टक्के.

आता पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीचा विचार करा. घरटी एक-दोन माणसं मुंबईला. रात्री चाकरमान्याचा फोन येतो, रेंज नसते, आवाज तुटतो. मग फोन कानाला आणखी घट्ट दाबून बोलणं सुरू होतं. टॉवर गावापासून लांब असल्याने रेडिएशन कमी, असं इथे वाटू शकतं. मेंदूपुरता हिशेब नेमका उलटा आहे. लांबच्या टॉवरकडून येणाऱ्या लहरी नगण्य असतात, पण कानाला चिकटलेला फोन पूर्ण ताकदीने चालू असतो. बहुतेक माणसांच्या डोक्याला मिळणाऱ्या लहरींचा सर्वांत मोठा वाटा त्यांच्या स्वतःच्या फोनचा असतो.

याचा अर्थ कमी रेंजमध्ये बोलणं घातक आहे, असा मात्र नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा, म्हणजे 'सार', प्रति किलो १.६ वॅट ठरवण्यात आली. ही चाचणी फोन कमाल ताकदीवर चालवूनच घेतात. त्यामुळे एका कांडीवरही फोन मर्यादेच्या आतच राहतो. *#०७# डायल केलं की बहुतेक फोन स्वतःचा 'सार' आकडा दाखवतात.

मग टॉवरच्या शेजारी राहणं सुरक्षित आहे का?

या प्रश्नावर महाराष्ट्रात बराच वाद झाला आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये टॉवरच्या लहरींविषयी इशारा देणारा अहवाल दूरसंचार विभागाला दिला होता. मुंबईतल्या टॉवरविरोधात अभिनेत्री जुही चावला यांनीही आवाज उठवला. पुढे २०२१ मध्ये ५जीविरोधातला त्यांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला. या चर्चेच्या काळातच सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट झाली.

टॉवरची अँटेना दिवाभीतासारखी सगळीकडे सारखी बघत नाही. ती बॅटरीच्या झोतासारखी समोर, किंचित खाली रोखलेली असते. टॉवरच्या बुंध्याशी झोत पोहोचतच नाही. समोर, त्याच उंचीवर, अगदी जवळ गच्ची किंवा खिडकी असेल तर काळजीचं कारण असू शकतं. शहरातल्या दाटीत असं घडतं. टेकाडावर उभ्या असलेल्या आणि गावापासून शे-दोनशे मीटरवर असलेल्या टॉवरबाबत अशी शक्यता कमी. अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौपटीने घटते.

न्यायालयांनी दोन्ही प्रकारचे आदेश दिले आहेत. २०१७ मध्ये ग्वाल्हेरमधल्या कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने एक टॉवर बंद करायला सांगितला. पण त्या टॉवरमुळेच कर्करोग झाला, असं शास्त्रीय उत्तर त्या आदेशाने दिलं नव्हतं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा टॉवरविरोधी ठराव रद्द केला. टॉवरच्या लहरींमुळे कर्करोग होतो असं दाखवणारी शास्त्रीय सामग्री समोर नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

टॉवर नसण्याची किंमत किती?

हा प्रश्न रेडिएशनच्या चर्चेत क्वचितच विचारला जातो. महाड-पोलादपूरने त्याचं उत्तर अनुभवलं आहे.

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली. त्याच वेळी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडालं होतं, रस्ते बंद होते, वीज आणि मोबाईल सेवा कोलमडली होती. बातमी बाहेर पोहोचणंही अवघड झालं आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं तळियेत दुसऱ्या दिवशी पोहोचली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही त्याच पावसात दरडींनी बळी घेतले.

त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली होती. एकच प्रवासी वाचला. तो दरीतून वर आला आणि त्याच्या फोनमुळे अपघाताची खबर बाहेर गेली.

या दोन्ही घटनांत टॉवर असता तर किती जीव वाचले असते, याचा हिशेब करता येणार नाही. पण तुलना स्पष्ट आहे. एका बाजूला पंधरा-वीस वर्षांच्या अभ्यासांनंतरही माणसांत सिद्ध न झालेला धोका आहे. दुसऱ्या बाजूला दर पावसाळ्यात येणारा, नावं-गावं माहीत असलेला धोका आहे.

मग काय करावं?

स्वतःपुरते उपाय साधे आणि फुकट आहेत. इअरफोन किंवा स्पीकर वापरून बोललं की फोन डोक्यापासून लांब जातो आणि मेंदूला मिळणाऱ्या लहरी झपाट्याने घटतात. एकच कांडी असेल तर लांबण लावू नये, गप्पा रेंज असलेल्या जागी माराव्यात. फोन उशाखाली ठेवू नये.

रेडिएशन शोषून घेणारे स्टिकर, चिप यांवर पैसे घालवू नयेत. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली चिप दाखवून ती रेडिएशन कमी करते असा दावा केला, तेव्हा शेकडो वैज्ञानिकांनी पुरावा मागितला होता. शिवाय एखाद्या आवरणाने लहरी खरंच अडवल्या, तर फोनची रेंज घटेल आणि तो आणखी ताकद लावेल. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने असा इशारा दिलेला आहे.

मेंदूला फोनपासून होणारी सिद्ध झालेली हानी वेगळीच आहे. रात्री उशिरापर्यंत स्क्रीन पाहिल्याने झोप मोडते. गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष विचलित होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा चालकाच्या अपघाताची शक्यता सुमारे चौपट असते. कशेडी, वरंध आणि आंबेनळी या घाटांच्या प्रदेशात हा धोका कोणत्याही टॉवरपेक्षा मोठा आहे.

आणि टॉवरचा विषय ग्रामसभेत आला तर? 'हवा की नको' याच्या पलीकडचे प्रश्न विचारता येतात. अँटेनाचा झोत कुठल्या घरांच्या दिशेने असेल? तेवढ्याच उंचीवर समोर शाळा किंवा घर आहे का? टॉवरच्या लहरी मर्यादेत आहेत का, हे दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर पाहण्याची आणि शुल्क भरून मोजणी करून घेण्याची सोय २०१७ पासून सुरू झाली. तिचा वापर गावाने करावा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, वीज गेल्यावर टॉवर किती तास चालेल? बॅटरी आणि डिझेलचा साठा किती? दरडीच्या रस्त्यावर डिझेल पोहोचलं नाही तर काय?

जुलैच्या रात्री डोंगराची माती सरकू लागते, तेव्हा फोनवर रेंजची एक कांडी दिसणं किंवा न दिसणं, यावर वाडीतल्या माणसांचा जीव अवलंबून असू शकतो. ग्रामसभेतल्या चर्चेत किरणांच्या भीतीबरोबर हेही मांडलं जायला हवं.